कुंपणच शेत खाते काय? : अँटिव्हायरस आणि ग्राफिक्स कार्डावरचा भार

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत संगणकाच्या दुखण्याखुपण्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्या वडिलांच्या पिढीत संस्थेचा जीव लोखंडी कपाटात असे. कीर्द, खतावणी, सभावृत्तांत आणि पावतीपुस्तके त्या कपाटात असत आणि त्याची किल्ली चिटणिसांच्या कमरेला असे. आज तो जीव संगणकात आहे. सभासदांची यादी, देणगीदारांचे पत्ते, शिष्यवृत्तीसाठी आलेले अर्ज, विद्यार्थ्यांच्या बँकखात्यांचे क्रमांक हे सारे आता त्या पेटीत असते. घरोघरीही मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांच्या दवाखान्याचे कागद आणि लग्नमुंजीची छायाचित्रे तेथेच असतात. कपाटाला कुलूप लावता आले पाहिजे, तशी या पेटीच्या पहारेकऱ्याचीही थोडीफार ओळख आपल्याला असली पाहिजे.

आम्ही या विषयातले पंडित नव्हेत. कार्यालयातील यंत्रांची देखभाल करता करता आणि सभासदांच्या घरची अडलेली यंत्रे पाहता पाहता जे शिकलो, ते क्रमाने मांडावे एवढाच हेतू आहे. लेखातील सूचना विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींना लागू आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या घरी त्याच आहेत.

तक्रारीचे स्वरूप

प्रसंग कार्यालयातलाच आहे. जुनी छायाचित्रे स्वच्छ करणे आणि समारंभांच्या चित्रफिती जुळवणे या कामांसाठी आमच्या एका संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. एके दिवशी दुपारी, कोणी काही काम करीत नसताना, त्या यंत्राचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. चालू कामांची यादी उघडून पाहिली, तर ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यात अँटिव्हायरसच्या नावापुढे ३४ टक्के हा आकडा! आमचे खजिनदार शेजारीच होते. ते म्हणाले, "अहो, चोरापेक्षा हा चौकीदारच महाग पडतोय. काढून टाका त्याला." कुंपणच शेत खाऊ लागले तर ठेवायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि तो वरवर पाहता बिनतोड होता.

तथापि तो आम्ही त्या दिवशी मानला नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. रोज दहापाच पेनड्राइव्ह कार्यालयात येत होते आणि त्याच यंत्राला लागत होते. अशा वेळी दारावरचा माणूस हटवणे आम्हाला धोक्याचे वाटले. म्हणून आधी चौकशी आणि मग शिक्षा, असा क्रम ठरवला. या चौकशीत जे हाती लागले तोच या लेखाचा विषय होय.

ग्राफिक्स कार्डाचे काम

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात आचाऱ्यासारखा असतो. कोणताही पदार्थ त्याला येतो, पण हात मोजके. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पंगतीतील वाढप्यांचा ताफा. पुरणपोळी करणे त्यांच्या आवाक्यातले नाही, पण पाचशे पानांवर एकदम मीठ-लिंबू वाढायचे असेल तर आचाऱ्याला ते जमणार नाही, या ताफ्याला जमेल. पडद्यावर लक्षावधी ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवावा लागतो. एकच साधा हिशेब असंख्य ठिकाणी एकाच वेळी करण्याचे हे काम असल्यामुळे ते ताफ्याकडे सोपवले गेले. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपले 'जीफोर्स २५६' हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणले आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. पुढे २००७ साली त्याच कंपनीच्या 'कुडा' या साधनामुळे चित्रांखेरीज इतर गणितेही या ताफ्याकडून करवून घेणे सोपे झाले. आपल्या विषयाचे मूळ येथे आहे. चित्र काढणारा ताफा इतरांच्या चाकरीलाही उपलब्ध झाला, आणि ती चाकरी सज्जन घेतो तशी दुर्जनही घेतो.

अँटिव्हायरसचा इतिहास याहून जुना आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीमार्गे जगभर गेला. आयबीएमच्या जातीच्या घरगुती संगणकांवरचा तो पहिला विषाणू मानला जातो. त्यावर उतारा देणारे प्रोग्रॅम लवकरच निघाले. आपल्याकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात याच कामास हात घातला आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले, हे वाचकांना माहीत असेलच. या साऱ्या प्रोग्रॅमांचे मुख्य काम म्हणजे फाइल वाचणे आणि ती ओळखीच्या गुन्हेगारांच्या खुणांशी व वर्तनाशी ताडून पाहणे. हे काम प्रामुख्याने डिस्कचे आणि मुख्य प्रोसेसरचे आहे. मग त्यात ग्राफिक्स कार्डाचा संबंध येतो कोठे?

संबंध येण्याची चार कारणे

पहिले कारण सर्वांत साधे, आणि आमच्या अनुभवात सर्वांत अधिक आढळणारे. आजच्या अँटिव्हायरसची खिडकी पूर्वीसारखी साध्या अक्षरांची राहिलेली नाही. फिरणारी वर्तुळे, लुकलुकणारी ढाल, सरकणाऱ्या जाहिराती अशी तिची सजावट असते. पुष्कळ कंपन्या ही खिडकी वेबपानासारखी बनवतात, म्हणजे तिच्या आत एक छोटा ब्राउझरच चालू असतो आणि तो आपले रंगकाम ग्राफिक्स कार्डाकडून करवून घेतो. येथे पहारा महाग नसतो, पहारेकऱ्याचा गणवेश महाग असतो.

दुसरे कारण म्हणजे तपासणीसाठी कार्डाचा हेतुपुरस्सर केलेला उपयोग. ग्रीसमधील वासिलियादिस आणि इओआनिदिस या संशोधकांनी २०१० साली 'क्लॅमएव्ही' या खुल्या अँटिव्हायरसची जुळवणी ग्राफिक्स कार्डावर चालवून दाखवली आणि ती केवळ प्रोसेसरवर चालणाऱ्या क्लॅमएव्हीच्या सुमारे शंभरपट वेगाने झाल्याचे नोंदवले. घरगुती संगणकात हा मार्ग सहसा वापरला जात नाही, कारण फाइल डिस्कवरून वाचून कार्डाच्या स्मृतीत नेण्यातच पुष्कळ वेळ जातो. मात्र एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने एक वेगळी सोय जाहीर केली. संगणकाच्या चालू स्मृतीत दडलेले विषाणू शोधण्याचे काम प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेल्या ग्राफिक्स भागाकडे सोपवावे, अशी ती योजना. इंटेलच्या स्वतःच्या प्राथमिक चाचण्यांत मुख्य प्रोसेसरवरचा भार त्यामुळे २० टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत उतरला. मायक्रोसॉफ्टने ही सोय प्रथम कार्यालयांसाठीच्या आपल्या संरक्षण-व्यवस्थेत घेतली. येथे कार्डाचा आकडा वाढतो तो कारस्थानाने नव्हे. आचाऱ्याचा भार हलका करण्यासाठी वाढप्यांना बोलावले, इतकेच.

तिसरे कारण विचार करायला लावणारे आहे. जून २०२१ मध्ये नॉर्टनने आपल्या 'नॉर्टन ३६०' या अँटिव्हायरसला 'नॉर्टन क्रिप्टो' अशी एक जोड दिली. संगणक रिकामा असताना त्याच्या ग्राफिक्स कार्डावर इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम' करायचे आणि मिळालेल्या चलनातील १५ टक्के कंपनीने घ्यायचे, असा तो व्यवहार होता. मालकाच्या संमतीवाचून खाणकाम सुरू होत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही पहारेकऱ्याने दारात दुकान मांडावे काय, यावर जानेवारी २०२२ मध्ये बरीच टीका झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि त्या सोयीचे प्रयोजन संपले. पण धडा उरला. अँटिव्हायरसबरोबर आपण आणखी काय काय पत्करले आहे, हे त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा पाहावे.

चौथे कारण सर्वांत घातक, ते म्हणजे तोतया. चलनाचे चोरटे खाणकाम करणारा विषाणू आपल्या फाइलला कधीकधी एखाद्या संरक्षक प्रोग्रॅमसारखे नाव देतो. यादीत नाव पहारेकऱ्याचे दिसते आणि काम दरोडेखोराचे चालते.

लक्षण चारही ठिकाणी एकच, पंखा घरघरतो आणि आकडा चढतो. उपाय मात्र चार ठिकाणी चार. म्हणूनच निदान न करता केलेला इलाज म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

तपासणीचा क्रम

पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

१. यंत्र 'रीस्टार्ट' करावे. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे हे त्याच्याशी समान नव्हे, कारण विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे बंद करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो पुसला जातो. चालू झाल्यावर पंधरा मिनिटे वाट पाहावी. त्या अवधीत नवे खबरनामे उतरवण्याचे आणि पहिल्या पाहणीचे काम उरकते. पुष्कळ तक्रारी येथेच मिटतात.

२. आकडा नीट वाचावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ग्राफिक्स कार्डाचा रकाना २०१७ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये आला. तो दिसत नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून 'जीपीयू' आणि 'जीपीयू इंजिन' हे दोन्ही निवडावेत. 'इंजिन' या रकान्यावरून कार्डाचा कोणता विभाग राबतो आहे ते कळते. 'थ्रीडी' असेल तर बहुधा रंगकाम, 'व्हिडिओ डिकोड' असेल तर चित्रफीत. त्यापुढील क्रमांकावरून अंगभूत कार्ड राबते की वेगळे बसवलेले, हेही समजते. कोणत्या क्रमांकाचे कार्ड कोणते, ते 'परफॉर्मन्स' या पानावर नावानिशी लिहिलेले असते. इंटेलची वर सांगितलेली तपासणी अंगभूत भागावर चालते. तेव्हा वेगळ्या कार्डावरचा भार तिच्या खात्यावर मांडता येत नाही.

येथे एक फसगत सांगितली पाहिजे. हा टक्का वेगाचा नसून वेळेचा आहे. काम नसताना कार्ड विजेची बचत करण्यासाठी आपला वेग पुष्कळ उतरवते. त्या मंद चालीत एखादे किरकोळ रंगकामही त्याचा २०-३० टक्के वेळ घेते आणि आकडा मोठा दिसतो. रिकामटेकड्या गड्याने एक घागर भरायला अर्धा तास लावावा, तसे हे आहे. म्हणून टक्क्याबरोबर 'परफॉर्मन्स' पानावरील तापमानही पाहावे. आकडा मोठा पण कार्ड थंड, तर काळजीचे कारण सहसा नसते. आकडा मोठा आणि कार्डही तापलेले, तर पुढे चला.

३. अँटिव्हायरसची खिडकी बंद करावी. खिडकी बंद केल्याने पहारा बंद होत नाही. तो पडद्यामागे चालूच राहतो. आमच्या कार्यालयातील कोडे येथेच सुटले. कोणीतरी सकाळी ती खिडकी उघडली होती आणि ती दुसऱ्या खिडकीआड तशीच राहिली होती. तिच्यातील हिरवे वर्तुळ कोणी पाहत नसताना दिवसभर फिरत होते. फुलीवर कळ दाबताच ३४ चा आकडा १ वर आला आणि थोड्या वेळाने पंखाही थंडावला. पुढे त्या अँटिव्हायरसची नवी आवृत्ती घेतली आणि सजावटीची हालचाल सेटिंग्जमधून बंद केली. एवढ्याने काम भागले. चौकशी न करता त्याला काढले असते, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे झाले असते. त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हमधून आलेला विषाणू याच पहारेकऱ्याने दारात अडवला. बिचाऱ्या मुलाला त्याची कल्पनाही नव्हती. सायबर कॅफेत अर्जाची प्रत काढताना तो त्याच्या पेनड्राइव्हमध्ये शिरला होता. खजिनदारांनी तो संदेश स्वतः पाहिला आणि "चौकीदाराचा पगार चालू ठेवा" असा शेरा दिला.

४. खिडकी बंद करूनही भार राहिला, तर पूर्ण तपासणी चालू आहे काय ते पाहावे. चालू असेल तर ती संपू द्यावी आणि पुढील वेळा रात्रीच्या किंवा जेवणाच्या सुटीच्या लावून घ्याव्यात. तपासणीच्या वेळी प्रोसेसरवर किती भार घालावा याची मर्यादा काही अँटिव्हायरसमध्ये ठरवता येते. पण ती मर्यादा मुख्य प्रोसेसरची आहे. तिने ग्राफिक्स कार्डावरचा भार उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

५. ओळख पटवावी. ही पायरी कोणीही गाळू नये. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवी कळ दाबून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. विकत घेतलेला अँटिव्हायरस बहुधा 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात, तर विंडोजबरोबर येणारा डिफेंडर तेथे किंवा 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरातील मायक्रोसॉफ्टच्या कप्प्यात राहतो. नंतर त्या फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान आहे की नाही आणि त्यावर कंपनीचे नाव आहे की नाही ते पाहावे. नाव कोणीही लावू शकतो. सही-शिक्का मात्र सहजासहजी मिळत नाही.

या पायरीचे महत्त्व आम्हाला एका सभासदांच्या घरी पटले. तेथेही तक्रार तीच होती. पंखा घरघरतो आणि वीजबिल वाढले आहे. मुलाने एकदा ओझरते पाहिले होते की यादीत 'सिक्युरिटी' असे काहीसे नाव वर येते. वडिलांनी अँटिव्हायरस बंद करण्याचे ठरवले होते. आम्ही टास्क मॅनेजर उघडला आणि पंखा शांत झाला! तो मिटला की दोन मिनिटांत पुन्हा घरघर. असे तीनदा झाले. निर्दोष प्रोग्रॅम कोणी पाहते आहे म्हणून काम थांबवीत नाही. चोरटे खाणकाम करणारे कित्येक विषाणू मात्र टास्क मॅनेजर उघडल्याची चाहूल लागताच हात आखडतात. मग 'स्टार्टअप' या पानावर पाहिले. संरक्षणसेवेसारख्या नावाची एक नोंद तेथे होती, प्रकाशकाचा रकाना रिकामा होता आणि फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या 'ॲपडेटा' फोल्डरात होती. अँटिव्हायरसचे मुख्य काम तेथून चालत नसते.

तो आला कसा? मुलाने एक विकतचा खेळ फुकटात उतरवला होता आणि त्याबरोबरच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'बसवताना अँटिव्हायरस अडथळा आणील, म्हणून हे फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.' मुलाने तसे केले. म्हणजे घरच्यांनीच पहारेकऱ्याला त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे केले होते, आणि नंतर दोषही त्यालाच देत होते. मुलगा खाली मान घालून उभा होता. वडील रागावणार तोच आम्ही म्हणालो, "त्याला बोलू नका. त्याने चिठ्ठी दाखवली म्हणून तर चोर सापडला." आधी ती वगळणूक रद्द केली, मग पुढे सांगितलेली ऑफलाइन तपासणी केली. विषाणू सापडला आणि निघाला. त्यानंतर दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बँकेचे आणि ईमेलचे सारे पासवर्ड बदलायला लावले. असा पाहुणा एकटा येतोच असे नाही. त्याच्याबरोबर पासवर्ड चोरणारा सोबती असू शकतो. विजेचा हिशेबही करून पाहिला. १५० वॅटचे कार्ड रोज ८ तास पूर्ण भाराने राबले, तर दिवसाला १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट होतात. घरमालकाने वीज भरायची आणि चोराने पीठ दळून न्यायचे!

६. दोन पहारेकरी एकाच दारावर नाहीत ना, ते पाहावे. नवीन संगणकाबरोबर आलेला तात्पुरता अँटिव्हायरस आणि नंतर विकत घेतलेला दुसरा असे दोन्ही राहिले, की ते एकमेकांच्या फाइल तपासत बसतात. एकच ठेवावा. काढायचा तो 'सेटिंग्ज'मधून काढावा आणि त्याच कंपनीचे स्वच्छतेचे साधन असल्यास तेही चालवावे. दुसरा अँटिव्हायरस बसवला की विंडोजचा डिफेंडर सामान्यतः आपण होऊन बाजूला होतो, आणि तो काढला की पुन्हा जागा घेतो. तरी त्याने जागा घेतली याची 'विंडोज सिक्युरिटी'त खात्री करून घ्यावी.

७. आवृत्त्या पाहाव्यात. आधी अँटिव्हायरस, मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, अशा क्रमाने नव्या आवृत्त्या घ्याव्यात. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा संगणकाच्या कंपनीकडूनच घ्यावा, 'सारे ड्रायव्हर एका कळीत' अशा जाहिरातींतून घेऊ नये. दुखणे ड्रायव्हर बदलल्यावरच सुरू झाले असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'खाली 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुन्यावर जाता येते. येथेच एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचे यंत्र विंडोज ११ पेलू शकते, त्यांनी तिकडे जाणे हिताचे.

८. कामाची वाटणी बदलावी. ज्यांच्या यंत्रात दोन कार्डे आहेत, त्यांनी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' या वाटेने जाऊन अँटिव्हायरसच्या खिडकीचा प्रोग्रॅम यादीत घ्यावा आणि त्याला 'पॉवर सेव्हिंग' हा पर्याय द्यावा. मग तो आपले रंगकाम अंगभूत कार्डावर करतो आणि मोठे कार्ड मोकळे राहते. अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन किंवा ॲनिमेशन बंद करण्याची सोय असल्यास तीही वापरावी.

९. शंका उरलीच तर ऑफलाइन तपासणी करावी. 'विंडोज सिक्युरिटी'तील 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' याची ही सोय आहे. यंत्र पुन्हा सुरू होते आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच, म्हणजे चोराला लपायला अवसर मिळण्यापूर्वी, सुमारे पंधरा मिनिटे झडती चालते. आधी आपले उघडे काम जपून ठेवावे. आपल्या सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नेही २०१७ पासून अशा सफाईची साधने विनामूल्य दिली आहेत.

१०. या साऱ्यानेही गुण आला नाही, तर अँटिव्हायरस पूर्ण काढून नव्याने बसवावा. तरीही भार तसाच राहिला, तर वहीतील नोंदी, आवृत्तीचा क्रमांक आणि टास्क मॅनेजरचे चित्र यांसह त्या कंपनीच्या मदतकेंद्राला लिहावे. 'पंखा वाजतो' एवढ्याच तक्रारीला उत्तर मिळणे कठीण. 'खिडकी बंद असताना, तपासणी चालू नसताना, अमुक फाइल वेगळ्या कार्डाचे थ्रीडी इंजिन ४० टक्के घेते' अशी तक्रार कोणाला टाळता येत नाही. आणि कंपनीने दखल घेतलीच नाही, तर पहारेकरी बदलावा. पण आधी दुसरा उभा करून मग पहिल्याला निरोप द्यावा.

काय करू नये

कंटाळून अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवू नये. वेग वाढावा म्हणून सबंध 'सी' ड्राइव्ह किंवा 'डाउनलोड्स' फोल्डर तपासणीतून वगळू नये. वगळलेल्या जागांची यादी वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावी आणि आठवत नसलेली प्रत्येक नोंद पुसून टाकावी. 'तुमच्या ग्राफिक्स कार्डात विषाणू आहे' असा मोठा फलक पडद्यावर आला आणि खाली दूरध्वनी क्रमांक दिला असेल, तर तेथे फोन करू नये. मायक्रोसॉफ्ट किंवा दुसरी कोणतीही कंपनी अशी आपण होऊन घाबरवीत नाही. पलीकडचा गोडबोल्या माणूस यंत्राचा ताबा मागतो आणि बँकेचे खाते रिकामे करतो. ज्येष्ठ सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

शेवटी एक घरगुती सूचना. महिन्याच्या पहिल्या रविवारी, यंत्र ठीक चालत असतानाच, टास्क मॅनेजर उघडून पाच मिनिटे पाहावे आणि काम नसताना कार्डाचा आकडा व तापमान किती असते ते वहीत टिपावे. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असली, म्हणजे तापाची नाडी ओळखता येते. आमच्या कार्यालयात अशी वही त्या दुपारनंतर ठेवली. तिची नोंद आता खजिनदार स्वतःच्या हाताने करतात.